मदत हवी आहे: ॲम्प बसवल्यापासून गाडीत कुंईई आवाज

हर्णैवाला
नवीन ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि सबवूफर घरीच बसवला. गाडी चालू केली की स्पीकरमधून कुंईई आवाज येतो, रेस दिली की वाढतो. गाणं बंद असलं तरी येतो. वायरिंग व्हिडिओ बघून नीट केलंय, त्यामुळे ते सोडून बोला. शनिवारी मुंबईहून पाहुणे येताहेत, त्याआधी व्हायला हवं. दापोलीत फिल्टर कुठे मिळेल?

देवगडचो
गाडी खंयची? स्टिरिओ कंपनीचो की भायरसून घेतलेलो? ॲम्प किती चॅनलचो? कायच सांगूक नाय आणि म्हणे वायरिंग सोडून बोला. मगे देवाक कौल लावू काय?

हर्णैवाला
स्विफ्ट, पेट्रोल. स्टिरिओ बाहेरचा, ॲम्प चार चॅनल. आवाज अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो त्याचा) आहे एवढं मलाही कळतं. फिल्टर कुठे मिळतो ते विचारलंय.

तारयंत्र
अल्टरनेटरचाच आहे, पण तो आत कुठून शिरतोय ते आधी शोधा. ॲम्पची अर्थ (गाडीच्या बॉडीला जाणारी निगेटिव्ह वायर) कुठे दिलीय? बॅटरीची वायर आणि आरसीए (स्टिरिओतून ॲम्पला आवाज नेणारी केबल) एकाच बाजूने नेल्यात का? मेन फ्यूज कुठे आहे? ॲम्पकडची आरसीए काढून (सगळं बंद करून काढा) गाडी चालू करा आणि आवाज राहतो का ते सांगा.

शांतश्रोता
माझं ऐका, ॲम्प काढून टाका. दरवाज्यांत डॅम्पिंग शीट लावा, कंपनीचे स्पीकरसुद्धा सुंदर वाजतात. मी तेच केलं. रस्त्याचा आवाज गेला की निम्मं काम झालं.

हर्णैवाला
ॲम्प काढायला आणला नाही. अर्थ मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला दिलीय, सगळे तिथेच देतात. फ्यूज ॲम्पवरच आहेत की! आरसीए आणि पॉवर दोन्ही ड्रायव्हरच्या बाजूने.

तारयंत्र
कुंईई राहू द्या, आज आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. ॲम्पवरचे फ्यूज ॲम्पसाठी असतात. बॅटरीपासून डिकीपर्यंत जी वायर गेलीय तिला कोण वाचवणार? ती इंजिनकडून आत येते तिथे पत्र्याच्या कडेला घासून कापली गेली, तर बॅटरी सरळ बॉडीवर शॉर्ट. मग तुमचे ॲम्पवरचे फ्यूज शाबूत आणि वायर जळतेय. मेन फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंमीच्या आत लागतो, आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट.
दुसरं, सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. तो जीव वाचवायला आहे, शिवाय त्यावर रंग आणि लॉकिंगचा लेप असतो, करंट नीट जात नाही. जवळच्या जाड पत्र्यावरचा रंग घासून काढा, दाबून बसवलेला लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) आणि दातेरी वॉशर लावून घट्ट आवळा, मग वरून ग्रीस. ॲम्प जोरात वाजत असताना मल्टिमीटरचं एक टोक ॲम्पच्या अर्थला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ कच्ची.

देवगडचो
आणि वायर तांब्याची हा काय ॲल्युमिनियमवर तांब्याचो मुलामो? टोक ब्लेडान खरवडून बघ, आतून पांढरा दिसला तर समज. खाऱ्या वाऱ्यात ती टिकाची नाय. माज्या गाडयेत लगाखाली नुसती पांढरी पावडर गावली.

रत्नांग्रीकर
एवढं कशाला? आरसीएला ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थमधून फिरणारा करंट अडवणारी डबी) लावा, विषय संपला. मी लावलाय, आवाज शून्य.

तारयंत्र
विषय झाकला, संपला नाही. स्वस्त आयसोलेटरमधला छोटा ट्रान्सफॉर्मर खालचा बेस खातो. सबवूफर घेऊन त्यालाच उपाशी ठेवायचं?

रत्नांग्रीकर
माझा बेस व्यवस्थित आहे. कान असावे लागतात.

मधुमालती
मूळ प्रश्नाशी संबंध नाही, पण बॅटरी रात्रीत बसत असेल तर रिमोट वायर तपासा. स्टिरिओची पिवळी वायर कायम चालू, लाल चावी फिरवल्यावर, आणि निळी-पांढरी ॲम्पला जागं करायची. आमच्याकडे फिटिंगवाल्याने ॲम्पची रिमोट पिवळीला जोडली होती. ॲम्प रात्रभर जागा आणि सकाळी गाडीला धक्का.

हर्णैवाला
बॅटरी ठीक आहे हो. आरसीए काढून पाहिली, आवाज पूर्ण गेला. म्हणजे अर्थ बरोबर आहे.

कोकणप्रवासी
पाहुण्यांना सांगा, कशेडी आणि खेड करत येण्यापेक्षा आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेसवी अशा दोन फेरीबोटी धरून या. गाडी बोटीत चढते, मुलं खूश.

रत्नांग्रीकर
शनिवारी? धक्क्यावर गाड्यांची रांग बघितलीय का कधी?

तारयंत्र
@हर्णैवाला, आरसीए काढली की स्टिरिओ आणि ॲम्पच्या अर्थमधला लूपच तुटतो, त्यामुळे अर्थ निर्दोष ठरत नाही. आता चार्जरला न लावलेला मोबाइल केबलने थेट ॲम्पला जोडून बघा. आणि एक सांगा, बसवताना आरसीए कशी जोडली? स्टिरिओ चालू होता का?

हर्णैवाला
मोबाइलवर एकदम शांत. बसवताना स्टिरिओ चालूच होता, कुठली वायर वाजते ते कळायला एकेक काढून घालत होतो. त्याचा इथे काय संबंध?

तारयंत्र
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या अर्थच्या वाटेवर अगदी बारीक फ्यूज असतो. चालू असताना केबल काढली-घातली की तो उडतो, आणि मग नेमकी हीच कुंईई सुरू होते. खात्री करायची तर सगळं बंद करून उघड्या तांब्याच्या तारेचं एक टोक आरसीएच्या बाहेरच्या कड्याभोवती गुंडाळा, दुसरं स्टिरिओच्या लोखंडी बॉडीला स्क्रूखाली. आवाज गेला तर तोच फ्यूज. पक्कं काम म्हणजे स्टिरिओ उघडून तो बदलणं, पण ते रिपेअरवाल्याकडूनच करून घ्या.

शांतश्रोता
डॅम्पिंग शीटला हे काहीच लागत नाही.

हर्णैवाला
तार गुंडाळली, आवाज गेला. मी म्हणतच होतो की वायरिंग बरोबर आहे, दोष स्टिरिओत निघाला.

देवगडचो
धन्य रे बाबा तुझी.

तारयंत्र
दोष चालू स्टिरिओत केबल घालण्यात होता. असो. बॅटरीजवळचा फ्यूज बसवला का?

हर्णैवाला
वेसवीवरून शेवटची फेरी किती वाजता असते, कोणाला माहीत आहे का?