उलटी वागणारी रक्तचाचणी

‘कॅन्सरवरच्या रेडिएशनचा डोस सारखाच, तरी एकाची त्वचा नुसती लालसर होते आणि दुसऱ्याची वर्षा-दोन वर्षांनी कडक, घट्ट होऊन बसते, हे आधीच रक्तावरून कळणार नाही का?’ इथल्या चर्चेतला हा प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडी भर घालतो.

सगळ्यात मजेशीर चाचणी लिंफोसाइटची, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची. उपचाराआधी रक्त काढायचं, प्रयोगशाळेत त्यावर एकदाच ८ ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) किरण सोडायचे आणि ४८ तासांनी किती टी-पेशींनी (लिंफोसाइटचाच एक प्रकार) ‘आत्महत्या’ केली, म्हणजे अ‍ॅपॉप्टोसिस झाला, ते मोजायचं. वाटतं की जास्त पेशी मेल्या म्हणजे माणूस जास्त नाजूक. पण गाडी उलटी धावते! ज्यांच्या पेशी कमी मरतात, त्यांच्यातच पुढे फायब्रोसिसचा, म्हणजे ऊतक कडक, घट्ट होण्याचा धोका जास्त दिसतो. मला पहिल्यांदा ही छपाईची चूक वाटली होती.

सिट्रुलिन या अमिनो आम्लाचा हिशेब सरळ. लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते बनवून रक्तात सोडतात. पोटावरच्या किरणांनी अस्तर झडलं की पातळी उतरते. मात्र हा मार्कर (रक्तातली खूण) झालेली इजा दाखवतो, होणारी नाही. हा फरक चर्चेत निसटतोय.

फुप्फुसाच्या इजेचा अंदाज घ्यायला टीजीएफ-बीटा या फायब्रोसिसशी जोडलेल्या प्रथिनावर बऱ्याच आशा होत्या. पण निकाल एकसारखे आले नाहीत, कारण ट्यूमरही ते सोडतो. मग रक्तातलं कोणाचं, हे ठरवायचं कसं? शिवाय फुप्फुसाचा किती भाग किरणांच्या वाटेत आला, हे नियोजनाच्या सीटी स्कॅनवर मोजता येतं. माझ्या मते धोका समजायला आधी तो आकडा विचारावा.