मदत हवी आहे: कुट्टू पेरला, १३ दिवस झाले, उगवलाच नाही

डोंगरकडचा
मंडळी, लवकर सांगा. कुट्टू पेरून आज १३ दिवस झाले, रानात एक पान दिसेना. तण मात्र जोरात. व्हिडिओत चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं झालेलं दाखवतात. परत पेरू का? युरिया टाकू का? पाऊस जरा उघडलाय, आज-उद्यात ठरवायचंय. ज्यांनी केलंय त्यांनीच बोला.

खोडवा_किंग
कुट्टू म्हणजे ते उपवासाचं पीठ? आपल्याकडं कोण पेरतंय ते! रान रिकामं असेल तर उसाची आडसाली लावण करून टाकायची होती.

निवृत्त_गुरुजी
अनेकांचा गोंधळ होतो म्हणून लिहितो. कुट्टू आणि राजगिरा एक नव्हेत. राजगिरा माठाच्या कुळातला, कुट्टू आपल्या चुक्याच्या कुळातला. दोन्ही गवतवर्गीय नाहीत आणि दोन्ही उपवासाला चालतात. हिमाचल-उत्तराखंडाकडे त्याला ओगला म्हणतात, कडवट जातीला फाफर. आपल्याकडे उपवासाला वरई आणि राजगिराच उत्तम.

डोंगरकडचा
गुरुजी, माहिती चांगली आहे, पण मला खायचा नाहीये, उगवायचा आहे.

मातीतला
दादा, तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. रान कुठं? माती कसली? बी किती, किती खोल, कशानं पेरलं? पेरल्यावर पाऊस किती झाला? आणि मुख्य म्हणजे दाणा कसा होता, काळपट की पांढरट? युरिया आत्ता अजिबात नको. जे उगवलंच नाही त्याला खत घालून तणच पोसाल.

डोंगरकडचा
राधानगरीच्या वरच्या अंगाला. ३० गुंठे, तांबडी माती, दोन वर्षं पड होतं. वरच्या बांधाला लागून फॉरेस्ट. १० किलो बी फेकलं आणि वरून रोटर मारला. पाऊस तर काय, आमच्याकडचा माहितीये तुम्हाला. दाण्याच्या रंगाचा काय संबंध?

गगनबावडा_एक्सप्रेस
फॉरेस्टच्या बांधाला कुट्टू? कशासाठी, ते सांग आधी.

डोंगरकडचा
गव्यांसाठी. दरवर्षी खाली आमच्या आणि मेव्हण्याच्या उसात उतरतात. अमेरिकेत हरणांसाठी मुद्दाम असे प्लॉट करतात. उन्हाळ्यात कुट्टू टाकतात, त्यानं तण दबतं, रान मऊ होतं, नंतर तो मोडून गहू नाहीतर क्लोव्हरसारखा चारा. म्हटलं वरच्या वर खाऊ दे, पाखरांना दाणाही होईल आणि पडाची हराळीही जाईल.

गगनबावडा_एक्सप्रेस
म्हणजे तू वर ताट वाढणार, आणि हात धुवायला ते आमच्या उसात येणार. गवा म्हणजे काय शेळी आहे का, दोन घास खाऊन माघारी जायला? आमच्याकडं मागच्या हंगामात ११ चा कळप रात्रभर बसला होता भाताच्या खाचरात. खाल्लं त्यापेक्षा तुडवलं जास्त. तुझ्या मेव्हण्याला विचारलंस का?

जंगलवाट
इथं एक मुद्दा. अमेरिकेतले ते प्लॉट बहुतेक शिकारीसाठी असतात. हरीण ठरलेल्या जागी यावं आणि मचाणावरून टिपता यावं म्हणून. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गवा अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे. स्वतःच्या रानात काय पेरायचं ते तुमच्या हातात, पण बांधापलीकडे अभयारण्यात दाणाही फेकू नका. दाजीपूरला १९५८ साली गव्यांसाठीच अभयारण्य झालं, त्याआधी शाहू महाराजांच्या काळात तेच शिकारीचं राखीव रान होतं. गव्याचं मुख्य खाणं गवत, बांबूचे कोंब, झुडपांचा पाला. कुट्टूच्या आशेनं तो ऊस सोडेल असं मला वाटत नाही.

खोडवा_किंग
कारवी फुलते तेव्हा दाजीपूरला जायचंय एकदा. कोणी जाणार असेल तर सांगा, गाडी आहे.

ताग_एके_ताग
हे परदेशी खूळ सोडा. ताग टाका. एकरी २०-२५ किलो बी, ४५-५० दिवसांनी फुलावर आला की गाडा. नत्र फुकटात मिळतं. कुट्टू नत्र धरत नाही. पाणथळ रान असेल तर धैंचा, तोही तागासारखा गाडायचाच. इतकं सोपं आहे.

मातीतला
ताग चांगलाच आहे, पण त्यांनी नत्राचं विचारलं नव्हतं. कुट्टूचं काम वेगळं. महिन्याच्या आत जमीन झाकतो, खाली ऊन जात नाही, तण गुदमरतं. हलक्या, आंबट जमिनीतही येतो आणि अडकलेला स्फुरद उचलतो. मोडला की लवकर कुजतो. मात्र हराळी त्यानं जाईल या भ्रमात राहू नका. ती मुळासकट काढावी लागते.

ताग_एके_ताग
स्फुरद उचलतो म्हणजे तिथलाच उचलतो ना? बाहेरून काय आणतो?

मातीतला
बाहेरून नाही. पण पुढच्या पिकाला लागू होईल अशा रूपात पाल्यात येतो. असो. डोंगरकडचे, दाण्याचा रंग सांगा. तिसऱ्यांदा विचारणार नाही.

डोंगरकडचा
पांढरट, जरा हिरवी झाक. त्रिकोणी. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतनं किराणावाल्याकडनं आणला. स्वच्छ होता एकदम, एक खडा नाही.

मातीतला
इथंच सगळं आलं. ती कुट्टूची गिरी, टरफल काढलेली. बियाण्याचा दाणा काळपट-तपकिरी असतो, तीन धारांचा. टरफल काढताना कोंब दुखावतो, आणि टरफल नसलं की ओल्या मातीत बुरशी लगेच धरते.

उपास_स्पेशल
असं काही नाही हं. मी गिरी रात्री भिजवते, फडक्यात बांधते, दुसऱ्या दिवशी छान मोड येतात. न भाजलेली घ्यायची फक्त.

मातीतला
ताई, मोड येणं वेगळं, रानात टिकणं वेगळं. तुमच्या फडक्यात पाऊस नाही, चिखल नाही, किडा नाही.

उपास_स्पेशल
पण मोड येतात म्हणजे जीव असतो. तुम्ही म्हणालात सगळंच मेलेलं.

मातीतला
मी 'सगळं' म्हटलं नाही. वर जाऊन वाचा.

डोंगरकडचा
भांडू नका. आत्ताच रानात जाऊन आलो. बॅटरी लावून दोन-तीन ठिकाणी उकरलं. पहिल्या ठिकाणी बोटभर खोलीवर काही नाही, खाली चार-पाच इंचावर दाणे सापडले. बोटात धरले तर पिठासारखे चुरडले, आंबूस वास, बाहेरून राखाडी केस आलेले. दुसरीकडं तर बुटाखाली पाणीच पचपचत होतं.

गगनबावडा_एक्सप्रेस
रात्री एकटा जाऊ नकोस लेका, आधीच तिकडं कळप आहे म्हणतोस.

मातीतला
झालं मग. एक, बी चुकलं. दोन, रोटरनं ते खोल गाडलं. कुट्टू एका इंचाच्या आतबाहेरच पाहिजे. फेकायचं आणि वरून काट्याची फांदी फिरवायची, बस. तीन, साचलेलं पाणी त्याला अजिबात चालत नाही. आणि झाकण म्हणून घ्यायचा तर एकरी २०-२५ किलो लागतं, म्हणजे तुमच्या ३० गुंठ्याला १५-१९ किलो. १० किलोत, सगळं उगवलं असतं तरी तण जिंकलं असतं. घरी गिरी शिल्लक असेल तर २० दाणे ओल्या फडक्यात ठेवा, तीन-चार दिवसांत कळेल.

दूधवाला_पन्हाळा
मधेच विचारतो. उगवला तर वैरण म्हणून चालेल का? माझ्याकडं दोन म्हशी आणि एक एचएफ गाय.

मातीतला
थोडा, इतर वैरणीत मिसळून. फुलावरचा हिरवा कुट्टू पोटभर घातला आणि जनावर उन्हात राहिलं तर फिकट कातडीवर पुरळ, सूज येते. एचएफच्या पांढऱ्या पट्ट्यांवर जास्त. म्हशीच्या काळ्या कातडीला त्रास कमी, तरी एकदम सगळा चारा त्याचाच नको.

दूधवाला_पन्हाळा
राहू दे मग. गव्यालाच खाऊ दे. तो काळाच आहे.

जंगलवाट
मधमाशांचं कुणी बोललंच नाही. कुट्टूची फुलं सकाळी मध देतात, मध गडद काळपट असतो. भुदरगडचं पाटगाव मधाचं गाव आहे, तिकडे कोणी पेटीवाला ओळखीचा असेल तर विचारा. गव्यापेक्षा तो फायदा नक्की.

डोंगरकडचा
मधाचं बघू. आता पेरायचा कधी ते सांगा. परत पाऊस सुरू झालाय.

मातीतला
आत्ता नाही. परतीचा पाऊस जाऊ दे, दसरा-दिवाळीच्या मधे वाफसा आला की पेरा. महिन्याभरात फुलावर येईल, तेव्हा थंडी असेल. फुलोऱ्याच्या वेळी ऊन तिशीच्या वर तापलं की दाणा भरत नाही. पाखरांना दाणा हवा तर एक पट्टा पिकू द्या. बाकीचा फुलावर आल्यावर आठवड्याभरात कापा, नाहीतर गळलेलं बी पुढच्या पिकात तण म्हणून उगवेल.

ताग_एके_ताग
दिवाळीला हरभरा पेरावा माणसानं. असो.

डोंगरकडचा (चार दिवसांनी)
२० पैकी ६ ला मोड आले, त्यातले दोन काळे पडले. बाकी सगळे बुळबुळीत. ताई, तुमचंही खरं, मातीतले तुमचंही खरं. चुलतभाऊ डेहराडूनला असतो, त्याला टरफलाचं बी बघायला सांगितलंय. ३० नाही, फक्त ५ गुंठे करणार, तेही खालच्या टोकाला घराजवळ, फॉरेस्टच्या बांधाला नाही. मेव्हण्याला सांगितलं तर तो म्हणाला, गव्याला घरजावई करतोस का. वरच्या बाजूला ताग टाकणार आहे.

ताग_एके_ताग
🙏

गगनबावडा_एक्सप्रेस
आणि उसाचं काय? गवे तर यायचेच.

डोंगरकडचा
त्यासाठी झटका मशीनचा, म्हणजे करंटच्या कुंपणाचा, वेगळा धागा काढतो. तिथं पण असेच भांडा.

खोडवा_किंग
घरी उरलेल्या गिरीचं काय केलं?

डोंगरकडचा
काल थालीपीठ लावलं. तव्याला चिकटलं. आई म्हणाली, राजगिराच बरा.

निवृत्त_गुरुजी
मी पहिल्याच प्रतिसादात तेच लिहिलं होतं.