सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील टीव्ही बाजारपेठ: गट पाडण्यासाठी निकष कोणता?

बाजारवेध

वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी मी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील टीव्ही संचांच्या मागणीचा अभ्यास करत आहे. माझ्या वाचनात आलेले बहुतेक अहवाल हा सारा प्रदेश एकाच सूत्रात बसवतात: मध्यमवर्ग वाढतो आहे, शहरे पसरत आहेत, म्हणून मोठ्या पडद्याच्या स्मार्ट टीव्हींचा खप वाढणार. परंतु नायजेरियात इबादान येथून १९५९ मध्येच प्रक्षेपण सुरू झाले. दक्षिण आफ्रिकेत मात्र तेथील वर्णभेदी सरकारने टीव्हीला १९७६ पर्यंत देशात येऊ दिले नाही. टांझानियाचे उदाहरण तर याहून चमत्कारिक आहे, कारण झांझिबार बेटावर १९७०च्या दशकात रंगीत टीव्ही आला आणि मुख्य भूमीवरील लोकांना कृष्णधवल चित्र दिसण्यासाठीही १९९०चे दशक उजाडावे लागले. अशा प्रदेशाची सरासरी काढून हाती काय लागते, असा मला प्रश्न पडला आहे. दरडोई उत्पन्नाखेरीज कोणता निकष घेऊन या देशांचे गट पाडावेत?

जुना मिस्त्री

उत्पन्नाच्या आधी वीज पाहावी, असे मी सुचवेन. या प्रदेशात सुमारे ६० कोटी लोकांच्या घरी अजून वीज नाही, आणि जिथे तारा पोहोचल्या आहेत तिथेही दाब स्थिर राहीलच असे नाही. नैरोबीत काही वर्षे टीव्ही दुरुस्तीचे काम पाहताना माझ्यासमोर येणाऱ्या संचांपैकी पडदा गेलेले थोडे आणि पॉवर सप्लायचा बोर्ड जळालेले पुष्कळ, असेच चित्र असे. त्यामुळे तिथला जाणता गिऱ्हाईक पडद्याचा आकार विचारण्याच्या आधी स्टॅबिलायझर लागेल का, हे विचारतो.

मात्र खरा बदल तारांच्या पलीकडच्या घरांत झाला आहे. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीला ६० ते १०० वॅट वीज लागे, त्यामुळे तो छोट्या सौर पॅनेलवर चालवणे परवडत नसे. एलईडी पडद्याचा लहान संच २० वॅटच्या आसपास भागवतो, शिवाय तो थेट १२ व्होल्टवर चालणारा बनवला की बॅटरी आणि टीव्ही यांच्यामध्ये इन्व्हर्टर नको आणि त्यात वाया जाणारी वीजही वाचते. केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा २००७ पासून रुळलेली होती. तिच्या आधारावर एम-कोपासारख्या कंपनीने २०१६ मध्ये पॅनेल, बॅटरी आणि टीव्ही असा एकत्र संच दैनंदिन हप्त्यांवर देण्यास सुरुवात केली. हप्ता थांबला की यंत्रणा दुरून बंद करता येते, म्हणून तारण किंवा पगारपत्रक नसलेल्या माणसालाही उधारी मिळते. हे गिऱ्हाईक एका टीव्हीची दुसऱ्या टीव्हीशी तुलना करत नाही. तो रॉकेलवर आणि फोन चार्ज करून घेण्यावर रोज किती जात होते, याच्याशी हप्ता ताडून पाहतो. आपल्या प्रबंधिकेत संचाची किंमत हा एकच रकाना असेल, तर ही सारी मागणी त्यातून निसटेल.

आणखी एक सूचना. संच किती आणि प्रेक्षक किती, हे वेगळे मोजा. युगांडात ‘बिबांडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्हिडिओ खोल्यांत एका पडद्यासमोर अख्खी वस्ती बसते, आणि परदेशी चित्रपट चालू असताना एक निवेदक लुगांडा भाषेत त्याचे कथन करत जातो. (ते कथन मूळ संवादांपेक्षा अधिक रंगतदार असते, हे माझे वैयक्तिक मत.)

सहक्षेपण

विजेचा मुद्दा मान्य आहे, परंतु काळाच्या ओघात विक्रीत होणारे चढउतार त्याने उलगडत नाहीत. त्यासाठी ॲनालॉगकडून डिजिटलकडे झालेले स्थलांतर पाहावे लागेल. जिनिव्हा येथे २००६ मध्ये झालेल्या करारानुसार ॲनालॉग प्रक्षेपणाला शेजारी देशांच्या प्रक्षेपणाच्या व्यत्ययापासून मिळणाऱ्या संरक्षणाची मुदत १७ जून २०१५ अशी ठरली आणि अनेक विकसनशील देशांना काही वारंवारितांसाठी २०२० पर्यंत सवलत मिळाली. टांझानियाने दार-एस-सलाममधील ॲनालॉग प्रक्षेपण २०१२ संपतानाच थांबवले. केनियात २०१५च्या फेब्रुवारीत सरकार आणि मोठे माध्यमसमूह यांच्यात असा वाद पेटला की देशातील प्रमुख वाहिन्या जवळपास तीन आठवडे दिसतच नव्हत्या. दक्षिण आफ्रिकेची मुदत तर वर्षानुवर्षे पुढे सरकत राहिली. ३१ मार्च २०२५ ही तारीख जाहीर झाल्यावर तीही न्यायालयाने अखेरच्या क्षणी रोखली, कारण सरकारी मदतीचे सेट-टॉप बॉक्स अनेक गरीब घरांपर्यंत पोहोचलेले नव्हते.

अशा प्रत्येक मुदतीच्या आगेमागे विक्रीची एक लाट येते आणि मग ओहोटी लागते. ती लाट पाहून पुढील दहा वर्षांची सरळ रेषा आखणे ही मोठी चूक ठरेल.

डिजिटल प्रक्षेपणाच्या तांत्रिक मानकांचाही एक पेच आहे. बहुतेक देशांनी युरोपातील डीव्हीबी-टी२ स्वीकारले. बोत्स्वानाने मात्र २०१३ मध्ये जपानी आयएसडीबी-टी निवडले. परिणामी शेजारच्या दक्षिण आफ्रिकेसाठी बनलेला संच तिथे नेला, तर वेगळ्या बॉक्सशिवाय हवेतून येणारे डिजिटल प्रक्षेपण त्याला पकडता येत नाही. दोन्ही देश एकाच जकात संघात आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे यातील विसंगती कळते.

बाजारवेध

दोघांचेही आभार. एक शंका आहे: ज्या घराने जुनाच टीव्ही ठेवून केवळ सेट-टॉप बॉक्स घेतला, ते घर नव्या संचाच्या मागणीत धरावे की वगळावे?

सहक्षेपण

त्या वर्षापुरते वगळा, परंतु विसरू नका. बॉक्स म्हणजे लांबणीवर टाकलेली खरेदी होय.

हिशेबनीस

लांबणीवर टाकलेली खरेदी कधी होणार, हे चलन ठरवते. आणि त्याचा उल्लेख वरील चर्चेत कोठेच आला नाही. जून २०२३ मध्ये नायजेरियाने नायराचा विनिमय दर मोकळा सोडला, तेव्हा एका डॉलरला सुमारे ४६० नायरा पडत होते. पुढच्या वर्षी तो आकडा १,५०० च्या घरात गेला. लोकांचे पगार काही तिपटीने वाढले नाहीत. वीज तीच, प्रक्षेपण तेच, तरीही काल आवाक्यात असलेला संच आज आवाक्याबाहेर गेला.

यावर स्थानिक उत्पादनाचा उपाय नेहमी सांगितला जातो, आणि हायसेन्स या चिनी कंपनीने २०१३ मध्ये केपटाउनजवळ अटलांटिस येथे काढलेल्या कारखान्याचा दाखला दिला जातो. त्या कारखान्याने रोजगार दिला हे खरेच आहे. परंतु टीव्हीच्या खर्चातील सर्वांत मोठा वाटा पडद्याच्या पॅनेलचा असतो आणि ते पूर्व आशियातूनच डॉलर मोजून आणावे लागते. जुळणी देशात केल्याने आयात शुल्क वाचते, विनिमय दराचा फटका वाचत नाही.

तोच फटका वर्गणीलाही बसतो. मल्टिचॉइस या दक्षिण आफ्रिकी कंपनीने डीएसटीव्ही या महागड्या वर्गणीच्या टीव्ही सेवेच्या जोडीला २०११ पासून गोटीव्ही ही स्वस्त सेवा आणली ती कमी उत्पन्नाच्या वर्गासाठी; पण फुटबॉलचे हक्क आणि उपग्रहाचे भाडे परकीय चलनात द्यायचे आणि वर्गणी नायरात घ्यायची, हे गणित ताणले गेले, नायजेरियातील ग्राहक घटले, आणि २०२५ मध्ये ही कंपनी फ्रान्सच्या कनाल प्लसच्या ताब्यात गेली. तेव्हा आपण गट पाडताना विजेची उपलब्धता आणि डिजिटल स्थलांतराचे वर्ष हे दोन रकाने अवश्य घ्या, पण किंमत डॉलरमध्ये न मांडता स्थानिक मजुरीच्या किती दिवसांत एक संच येतो, अशा रीतीने मांडा. सेनेगल, आयव्हरी कोस्ट यांसारखे युरोला बांधलेला सीएफए फ्रँक वापरणारे देश मग आपोआप नायजेरिया आणि घानापासून वेगळे पडतील.