शब्दचर्चा: चोपण ओघळीतल्या झुडपांना मराठीत काय म्हणावं?

इस्लामपुरातून –

मंडळी, जरा मदत पाहिजे. भूगोलाच्या पोरांसाठी अमेरिकेतल्या ग्रेट बेसिन वाळवंटावर मराठीत टिपणं काढतोय, म्हणजे नेवाडा, युटा, कॅलिफोर्नियाचा पूर्व भाग. त्यात एक झाडोरा सारखा सारखा येतो. आटलेल्या तळ्यांच्या काठाला आणि ओघळींच्या तळाला, जिथं वरनं माती पांढरी पडलेली असते पण खाली ओल टिकून असते, तिथं ग्रीसवूड नावाचं काटेरी झुडूप, ॲट्रिप्लेक्स या खाऱ्या रानातल्या झुडपाच्या जाती, आपल्या मोरसेची (सुएडाची) सख्खी भावंडं आणि बुडाला खारं गवत असं सगळं एकत्र वाढतं. कोश बघून जोडायला गेलो तर "अल्कधर्मी आर्द्र मरुनिःसारणातील क्षुपसमुदाय" असं काहीतरी होतं, ते वाचून पोरं वही मिटतील. सध्या "क्षारपड रानातली झुडपं" असं लिहून ठेवलंय. चालेल का?

मिरजेहून –

दादा, क्षारपड नका लिहू. त्या शब्दात "पड" आहे, म्हणजे पिकतं रान होतं आणि ते पडलं. कृष्णाकाठानं आपल्याकडं काय झालं सगळ्यांना ठाऊक आहे, ऊस आला, लिफ्टचं पाणी आलं, काळ्या रानाला निचरा नाही, खालचं पाणी वर चढलं आणि येताना मीठ घेऊन आलं, त्या रानाला आपण क्षारपड म्हणतो आणि म्हणताना जीव तुटतो. ग्रेट बेसिनमध्ये कुणी ऊस लावला नव्हता. तिथलं पाणी समुद्राला जातच नाही, डोंगरावरचा बर्फ वितळून खोलगटात येतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ मागं राहतं, हजारो वर्षं हेच चाललंय. ते रान पडलेलं नाही, ते मुळातच तसं आहे.

मला "चोपण" बरोबर वाटतो. आणि इथं एक फरक धरून ठेवा, कारण पोरं हमखास गोंधळतात. क्षारयुक्त वेगळी, चोपण वेगळी. अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेनं 1954 ला ज्या मर्यादा घालून दिल्या त्याच आजही आपल्या पुस्तकांत आहेत, ईसी (मातीच्या अर्काची विद्युत वाहकता, त्यावरनं विरघळलेलं मीठ कळतं) 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर क्षारयुक्त, आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं) 15 टक्क्यांच्या वर गेलं तर चोपण, तिचा सामू बहुतेक 8.5 च्या वर असतो. दोन्ही असेल तर क्षारयुक्त-चोपण. ग्रीसवूडच्या खाली बऱ्याचदा ही तिसरीच सापडते.

पोरांना दाखवायचं असेल तर सोपं आहे. चोपण रानातलं वाळकं ढेकूळ आणा, काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घ्या, ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. थोड्या वेळानं ढेकळाच्या भोवती दुधाळ ढग धरायला लागतो आणि पाणी दुसऱ्या दिवशीसुद्धा निवळत नाही, कारण सोडियमनं मातीचे कण एकमेकांपासून सोडवलेले असतात. हेच कण रानात भोकं बुजवतात, म्हणून पाणी मुरत नाही, ओलं असताना पाय सटकतो आणि वाळलं की कुदळ उडते. जिप्सम टाकतात ते याच्यावरच, कॅल्शियम आत शिरतं, सोडियम बाहेर पडतं, मग ते सोडियम धुऊन जायला निचरा मात्र पाहिजेच.

जतहून –

मला जागेच्या शब्दावर बोलायचंय. ओघळ म्हटलं की पाणी कापत गेलेली अरुंद घळ डोळ्यापुढं येते, तुम्ही सांगताय ती जागा तशी नाही ना, पसरट आणि खोलगट आहे, पाणी येऊन थांबणारी. आमच्याकडं अशा सखलाला लवण म्हणतात, "लवणात ओल हाय अजून" असं म्हातारी माणसं सहज बोलतात. हे लवण म्हणजे मीठ नव्हे, लवणे म्हणजे वाकणे त्यातलं, जमीन जिथं लवलीय ते. पण मिठाचाही अर्थ आपोआप शेजारी येऊन बसतो, यापेक्षा नेमका शब्द मला तरी सुचत नाही. आणि झुडपांना झाडोरा छान आहे, काटवन नको. काटवन म्हटलं की माणूस बोरी-बाभळी धरतो, आणि ॲट्रिप्लेक्स, सुएडा ही तर चाकवताच्या कुळातली.

पानांचं पण लिहा बरं का. ग्रीसवूडचं पान बारीक, लांबट, मांसल, चावलं तर खारट लागतं. त्यात ऑक्झलेट असतं आणि उपाशी मेंढरांनी एका दमात भरपूर खाल्लं तर मरतात, तिकडच्या मेंढपाळांनी असे कळप गमावलेत. इकडं माणदेशात हे वाक्य पोरांच्या बरोबर लक्षात राहील.

कराडहून –

ताईंचं लवण मला एकदम पटलं. माझी हरकत फक्त "वाळवंटी झुडूप" या शब्दाला आहे, कुणी वापरणार असेल तर. वाळवंटी म्हटलं की पोरं समजतात पावसाच्या थेंबावर जगणारं. ग्रीसवूड पावसावर नाही जगत, मुळं काही मीटर खाली भूजलापर्यंत नेतं आणि उन्हाळाभर हिरवंगार उभं राहतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या ऑस्कर माइन्झर यांनी 1920 च्या दशकात अशा झाडांना "फ्रिएटोफाइट" हा शब्द काढला, ग्रीकमध्ये फ्रेआर म्हणजे विहीर. मराठीत सरळ "भूजलावरची झाडं" म्हणा, कळतं. 1927 ला त्यांनी झाडावरनं जमिनीखालचं पाणी कसं ओळखायचं याच्यावर अख्खा अहवाल लिहिला. त्याच्याही आधी 1914 ला युटातल्या टूएल खोऱ्याचा अभ्यास आला, कुठलं झुडूप उगवलंय त्यावरनं रान नांगरायच्या लायकीचं आहे का ते सांगणारा. सेजब्रश नावाचं झुडूप असेल तर बरं रान, ग्रीसवूड असेल तर खाली मीठ आणि ओल.

म्हणून हे झुडूप पाण्याच्या राजकारणातही येतं. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्याचं पाणी 1913 पासून कालव्यानं लॉस एंजेलिसला जायला लागलं, ओवेन्स तळं 1920 च्या दशकात आटलं आणि पुढं दशकानुदशकं तिथली खारी धूळ उडत राहिली. नंतर बोअरनं भूजल उपसायला लागले तेव्हा भांडण या झाडोऱ्यावरनंच झालं, पाणीपातळी मुळांच्या खाली गेली की झुडपं वाळतात आणि उघडी माती वाऱ्यावर जाते. पोरांना हे सांगाच, नाहीतर त्यांना ते नुसतं लांबच्या देशातलं काटेरी झाड वाटेल.

इस्लामपुरातून –

लई उपकार झाले. "चोपण लवणातला झाडोरा" असं लिहितो, पहिल्यांदा येईल तिथं "भूजलावर जगणारा" एवढं जोडतो, आणि ग्रीसवूड तसंच ठेवतो, त्याला उगाच देशी नाव चिकटवत नाही. तळ्याच्या अगदी कडेला जिथं मीठ सगळ्यात जास्त तिथं ग्रीसवूड नसतंच, तिथं ॲलनरॉल्फिया नावाचं बिनपानाचं, सांधेसांधे असलेलं झुडूप असतं आणि मधोमध तर काहीच उगवत नाही. त्या उघड्या मधल्या भागाला "खारं पटांगण" म्हटलं तर चालेल का, की कोकणातलं खाजण घ्यावं?

मिरजेहून –

खाजण नको, त्याला भरती-ओहोटी लागते. पटांगण ठेवा.