मदत हवी आहे : जन्मठेपेच्या माफीचा अर्ज परत आला, नव्या कायद्यात नेमकं काय बदललं?

पूर्णाकाठ
माझा मोठा भाऊ खुनाच्या ३०२ कलमात जन्मठेप भोगतोय. चौदा वर्षं २०२४ लाच भरली. माफीचा अर्ज पाठवला तर जुन्या कायद्याचं कलम टाकलंय, नियम बदललेत, असा शेरा मारून परत आला. कुणी म्हणायलंय केंद्राचा कायदा बदलला, कुणी म्हणायलंय राज्याचा वेगळा आलाय, कुणी तर म्हणतं आता सगळ्यांनाच वीस वर्षं केली. इथला एक वकील नुसता अर्ज लिहायचे चाळीस हजार मागायलाय. आई थकली आहे, रोज विचारती. नवीन कलम कोणतं आणि अर्जात काय लिहायचं एवढंच सांगा. लवकर सांगा, उगं फाटे फोडू नका.

तेरणाथडी
शिक्षा कोणत्या कोर्टानं दिली आणि कोणत्या साली? अर्ज कुणाच्या नावानं होता? भावानं तुरुंगातून दिला की तुम्ही घरून पाठवला? ह्याच्याशिवाय कुणी काही सांगितलं तर ते अंदाजपंचे असणार.

बालाघाट
चौदा वर्षं कशाला लागतात? आत दिवस आणि रात्र वेगळे मोजतात. सात वर्षांत चौदा होतात. तुमचा भाऊ केव्हाच सुटायला पाहिजे होता. थेट हायकोर्टात जा.

तेरणाथडी
बालाघाट, हे कुठल्याच कायद्यात नाही. दिवस-रात्र मिळून एकच दिवस. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, हे सर्वोच्च न्यायालयानं गोपाळ गोडसेच्या प्रकरणात १९६१ लाच सांगितलंय. चौदा वर्षांनी फक्त विचार करायचा दरवाजा उघडतो, माणूस आपोआप बाहेर येत नाही. अशा ऐकीव गोष्टींवर घरचे लोक वर्षानुवर्षं आशा लावून बसतात, म्हणून कळकळीनं सांगतोय.

अर्जदार_जालना
माहितीचा अधिकार टाका. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. मी प्रत्येक कामाला हेच करतो. रस्त्याचं काम असो की पीक विम्याचं, कागद हातात आल्याशिवाय कुणी हलत नाही.

पूर्णाकाठ
परभणीचं सत्र न्यायालय, २०११. अर्ज मी घरूनच स्पीड पोस्टानं मुंबईला पाठवला, आईच्या सहीनं. भाऊ आधी हर्सूलला होता, आता पैठणला खुल्या कारागृहात शेतीच्या कामावर आहे. वागणूक चांगली असल्याशिवाय तिथं पाठवतात का? आता कलम सांगा.

निवृत्त_शिरस्तेदार
मी सत्र न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. अशा प्रस्तावांवर न्यायाधीशांचं मत मागवणारी पत्रं माझ्याच टेबलावरून जायची, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. शिक्षा माफ करायचं जुनं कलम ४३२ आता ४७३ झालं. शिक्षा सौम्य करायचं ४३३ आता ४७४. आणि ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यातल्या जन्मठेपेला किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगायची अट ४३३-अ मध्ये होती, ती आता ४७५ मध्ये आहे. अट तीच, आकडा बदलला. नुसता कलमाचा आकडा चुकला म्हणून कुणाचा हक्क बुडत नाही.

तुमच्या अर्जात खरी उणीव दुसरीच असावी. कैद्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी अर्ज केला तर तो माणूस सध्या कारागृहात आहे असं त्यात स्पष्ट लिहावं लागतं. कैद्यानं स्वतः केला तर तो कारागृह अधिकाऱ्यामार्फतच जायला हवा. आईच्या अर्जात ते वाक्य होतं का?

राज्याचं म्हणाल तर कारागृह व सुधारसेवा विधेयक २०२४ मध्ये विधिमंडळानं मंजूर केलं. ते १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या जागी आहे. चौदा वर्षांची अट त्यातून आलेली नाही.

पूर्णाकाठ
ते वाक्य नव्हतं. कुणी सांगितलंच नाही. आणि वीस वर्षांचं काय?

निवृत्त_शिरस्तेदार
शिक्षा २०११ ची आहे, म्हणजे माफीच्या धोरणाचा १५ मार्च २०१० चा शासन निर्णय लागेल. त्याआधीच्या लोकांना १९९२ चा. शिक्षेच्या दिवशी जे धोरण होतं ते धरायचं, आणि नंतरचं जास्त सवलतीचं असेल तर त्याचा फायदा द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या हरियाणा विरुद्ध जगदीश या २०१० च्या निकालात ठरलंय. सगळ्यांना सरसकट एक आकडा नाही. जमिनीचा वाद, घरगुती वैर यांचा प्रवर्ग वेगळा आहे. आधी ठरवून केलं का, एकट्यानं की जमावानं, यावर वर्षं ठरतात. ती वर्षं आत चांगल्या वागणुकीबद्दल मिळालेले माफीचे दिवस धरून मोजायची, पण प्रत्यक्ष चौदा भरलीच पाहिजेत. कच्च्या कैदेचे, म्हणजे खटला चालू असताना आत काढलेले, दिवस त्या चौदात धरतात. तुमचं प्रकरण कशावरून होतं?

पूर्णाकाठ
बांधावरून. चुलत्याच्या घरच्यांशी. जास्त लिहीत नाही.

देगलूर_नाका
माझाही प्रश्न यातच विचारतो. आमचा पाव्हणा राहतो देगलूर तालुक्यात, पण खटला चालला तेलंगणात. आम्ही अर्ज मुंबईला करायचा का हैदराबादला? आमच्याकडं अशा भानगडी लई, अर्धी सोयरीक तिकडंच.

तेरणाथडी
हैदराबादला. ज्या राज्यात शिक्षा झाली तेच सरकार माफी देऊ शकतं. बिल्किस बानो प्रकरणात गुन्हा गुजरातचा, पण खटला मुंबईत चालला, म्हणून गुजरात सरकारला अधिकारच नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयानं ८ जानेवारी २०२४ ला सांगितलं आणि सुटलेल्यांना परत आत जायला लावलं. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथं गुंता होतोय.

सह्याद्री_वाचक
राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करायचा असेल तर नव्या कायद्यात कलम ४७२ आहे. सर्वोच्च न्यायालयानं अपील फेटाळल्याचं कारागृह अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांच्या आत करावा लागतो.

तेरणाथडी
ते फाशीच्या शिक्षेसाठी आहे. इथं जन्मठेप आहे.

भूमिकन्या_बीड
अर्जावर एवढी चर्चा कशाला? १८ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की राज्याचं धोरण असेल तर पात्र कैद्यानं अर्ज केला नाही तरी सरकारनं स्वतःहून विचार करायचा. नाकारलं तर कारण लिहून कैद्याला कळवायचं. वकिलाला एक रुपया देऊ नका.

अर्जदार_जालना
सरकार स्वतःहून करतं यावर माझा विश्वास नाही. कागद मागितल्याशिवाय काही होत नाही.

भूमिकन्या_बीड
कागद मागाच, पण हक्क भिकेसारखा मागायची सवय सोडा. माझ्या वडिलांचा चौदा वर्षांचा प्रस्ताव कारागृहातूनच निघाला होता. पोलिसांचा अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांचं मत, शिक्षा दिलेल्या कोर्टाचं मत, मग पुण्याचं कारागृह मुख्यालय, मग गृह विभाग. वेळ लागला तो गावातल्या पोलीस अहवालाला. हा माणूस परत आला तर भांडण होईल, असं समोरच्यांनी लिहून दिलं होतं. पूर्णाकाठ, तुम्ही चुलत्याच्या घरच्यांशी बोललात का? वाईट वाटून घेऊ नका, पण सगळ्यात मोठी अडचण तिथं येते. आणि दुसरं, कोविडमध्ये भाऊ घरी आला होता का?

पूर्णाकाठ
चुलती आता बोलती आईशी, पोरं बोलत नाहीत. कोविडमध्ये आला होता, २०२० च्या उन्हाळ्यात. २०२२ ला बोलावलं तेव्हा स्वतः हजर झाला, एक दिवस उशीर नाही. त्याचा इथं काय संबंध?

निवृत्त_शिरस्तेदार
फार संबंध आहे. संचित रजा, म्हणजे फर्लो, शिक्षेत धरतात. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, धरत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की प्रत्यक्ष चौदा वर्षं मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. कोविडची सुट्टी अभिवचन रजाच होती. म्हणजे जवळपास दोन वर्षं वजा जातात. तुमच्या हिशोबानं २०२४ ला भरलेली चौदा वर्षं प्रत्यक्षात २०२६ च्या उन्हाळ्यापर्यंत जातील. मध्ये दुसरी अभिवचन रजा घेतली असेल तर त्याहून पुढं.

पूर्णाकाठ
हे कसलं? त्यानं रजा मागितली नव्हती. आत गर्दी नको म्हणून सरकारनंच सोडलं होतं. घरी होता तरी पोलीस ठाण्यात हजेरी लावायचा.

भूमिकन्या_बीड
मलाही हे अन्यायाचंच वाटतं. पळून गेलेला आणि वेळेवर परत आलेला, दोघांची दोन वर्षं सारखीच वजा. निदान वेळेवर हजर झाल्याची नोंद प्रस्तावात ठळक आली पाहिजे, ती मागून घ्या.

बालाघाट
मग राज्यपालांकडं जा ना, तिथं चौदाची अट नाही.

तेरणाथडी
ही गोष्ट बालाघाट यांची बरोबर आहे. घटनेच्या अनुच्छेद १६१ खालच्या राज्यपालांच्या अधिकाराला चौदा वर्षांची अट बांधत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या मारू राम निकालापासून हे ठरलेलं आहे. पण राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच निर्णय घेतात. फाईल गृह विभागातूनच फिरते. मोठा आजार वगैरे खास कारण नसेल तर मी त्यावर विसंबणार नाही.

निवृत्त_शिरस्तेदार
पूर्णाकाठ, आता क्रम सांगतो. भावाला कारागृहात लेखी मागायला सांगा : प्रत्यक्ष भोगलेली शिक्षा, कच्ची कैद, मिळालेली माफी, प्रत्येक रजेचे दिवस आणि २०१० च्या धोरणातला प्रवर्ग. पुढचा अर्ज कारागृहामार्फतच द्या. परभणीच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या कायद्यानं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं. प्रवर्ग चुकीचा लावला असेल तर औरंगाबाद खंडपीठात फौजदारी रिट करता येते, तीही मोफत वकिलाकडून.

पूर्णाकाठ
चाळीस हजारवाल्याला नाही म्हणून सांगितलं. सोमवारी परभणीला जातो. पैठणच्या भेटीत दादाला हिशोबाचा कागद मागायला लावतो. प्रवर्ग ठरवताना निकालपत्रातलं काय बघतात? आमच्याकडं निकालाची प्रत आहे, पण इंग्रजीत.

निवृत्त_शिरस्तेदार
घटना कशी घडली तो भाग आणि शिक्षा ठरवतानाचा शेवटचा भाग. अचानक झालेलं भांडण की ठरवून, हत्यार घरून नेलं की शेतातलंच उचललं, सोबत कोण होतं, हे न्यायाधीशांनी कसं लिहिलंय ते बघतात. ती पानं विधी सेवेच्या वकिलाकडून मराठीत समजून घ्या. प्रत सोबत न्या. हायकोर्टात अपील झालं असेल तर तो निकालही न्या.