खरेदी विभागातील इंटर्नशिप आणि साइजचे आकडे

फॅशन रिटेलच्या खरेदी विभागात इंटर्नला केवळ एक्सेल भरायला आणि सॅम्पलना टॅग लावायला बसवतात, कपडे निवडण्याची संधी मिळतच नाही, अशी तक्रार ऐकू येते आणि तीत तथ्य आहे. मात्र त्या कामातून काहीच शिकता येत नाही, हे मला पटत नाही. मुंबईतील एका साखळी दुकानांच्या कार्यालयात इंटर्न असताना दर सोमवारी विक्रीचा तक्ता तयार करणे माझ्याकडे असे. त्यात एक सुती कुर्ता उत्तम खपलेला दिसत होता, परंतु बायर (दुकानांसाठी माल निवडून मागवणाऱ्या) मॅडमनी साइजनिहाय आकडे उघडायला लावले तेव्हा एम आणि एल बहुतेक दुकानांतून संपलेले, तर एक्सएस आणि डबल एक्सएल तसेच पडून असल्याचे दिसले. असा कट साइजचा, म्हणजे जास्त खपणारे साइज संपून गेलेला, माल पुढे सवलतीशिवाय हलत नाही, त्यामुळे फेरमागणी देण्याआधी साइजचे प्रमाणच बदलावे लागले.

किमतीचेही तसेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून भरतकामाचा दर जरासा वाढला तरी एखादी वस्तू मर्यादेपलीकडे जाऊ शकते, आणि मग अस्तर काढायचे की नफा सोडायचा यावर पुरवठादाराशी घासाघीस सुरू होते (त्यात इंटर्नला अर्थातच कोणी विचारत नाही). मुलाखतीत स्टायपेंडबरोबरच कॉस्टिंग शीट (कपड्याच्या खर्चाचा तपशीलवार तक्ता) पाहायला मिळेल का, हेही अवश्य विचारावे.