साथीत लस सक्तीची करणं बरोबर आहे का?

रातकिडा: शरीर माझं, मग सुई टोचून घ्यायची की नाही हे सरकार का ठरवणार? पण साथ चालू असताना मी लस न घेता फिरलो आणि माझ्यामुळे दुसऱ्या कुणाला लागण झाली तर तो प्रश्न फक्त माझा राहतो का? खरंच कळत नाहीये, भांडायला नाही आलोय.

कोरा कागद: वाद जुनाच आहे. इंग्लंडमध्ये १८५३ ला बाळांना देवीची लस सक्तीची केली, लोक दंड भरत, जेलमध्ये जात विरोध करत राहिले, शेवटी १८९८ ला ज्यांना पटत नाही त्यांना सूट द्यावी लागली. अमेरिकेत १९०५ ला सुप्रीम कोर्टाने सक्ती मान्य केली, पण शिक्षा काय तर ५ डॉलर दंड, धरून टोचली नव्हती. हा फरक लोक विसरतात.

उंटावरचा: माझ्यामते लस काय करते त्यावर आहे सगळं. गोवरात साधारण ९५ टक्के लोकांनी घेतली की तान्ही बाळं, केमो चालू असलेले पेशंट वाचतात, त्यांना स्वतःला घेता येत नाही ना. कोविडच्या लशीने गंभीर आजार टळला, पण लागण काही महिन्यांनी होतच होती, मग "दुसऱ्यासाठी घे" हा मुद्दा जरा लंगडा पडतो.

रातकिडा: हां, हे पटलं. आणि लस नको म्हणणाऱ्या नर्सचं काय?

कोरा कागद: नर्सने नोकरी निवडलीये, पेशंटने नर्स नाही. तरी काढून टाकण्याआधी दुसरी ड्युटी द्या. आणि सक्ती केलीच तर साइड इफेक्टची भरपाई पण सरकारनेच द्यायची, हे आधी लिहून द्या, मग बोलू.